पार्किन्सन्सच्या रजिस्ट्रीत सहा वर्षे: पुण्यातील एका सेवेचे परीक्षण

पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयात वयाच्या पन्नाशीआधी पार्किन्सन्स म्हणजे कंपवात झालेल्या रुग्णांची दीर्घकालीन नोंद ठेवली जाते आणि जून २०१९ पासून मी त्या नोंदीतला एक क्रमांक आहे. वर्षातून एकदा जायचे, साधारण तीन तास द्यायचे, तपासणी करून घ्यायची, प्रश्नांची उत्तरे द्यायची आणि घरी यायचे, असे या सेवेचे स्वरूप आहे. आजवर पाच वेळा प्रत्यक्ष आणि एकदा फोनवर माझी नोंद झाली. मधले एक वर्ष मात्र कोरे राहिले, आणि हे परीक्षण लिहावेसे वाटले ते मुख्यतः त्या कोऱ्या वर्षामुळे. रुग्णालयाचे नाव मी देत नाही. तेथील माणसे मनापासून काम करतात, आणि ज्या उणिवा सांगणार आहे त्या एकाच रुग्णालयापुरत्या असतील असे मला वाटत नाही.

‘रजिस्ट्रीत नाव घातले’ असे मी आईला सांगितले तेव्हा तिने विचारले, ‘‘कुठला फ्लॅट घेतलास?’’ तिचा गैरसमज दूर करणे सोपे होते. इतरांचा तितका सोपा नाही. अनेकांना वाटते की तेथे नवे औषध मिळते. तसे काही नाही. रजिस्ट्रीत उपचार होत नाहीत, आपले औषध आपल्याच डॉक्टरांकडून चालू राहते आणि रजिस्ट्री फक्त काय घडत गेले ते लिहून ठेवते. नावातील सारखेपणामुळे तिची गल्लत २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’शीही केली जाते, परंतु त्या नोंदणीत औषधांच्या चाचण्या नोंदवल्या जातात, माणसे नव्हेत. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे वर्णन केले ते अवघ्या सहा रुग्णांवरून, आणि त्यांपैकी काहींना तर त्यांनी केवळ रस्त्याने जाताना पाहिले होते. त्या माणसांचे पुढे दहा वर्षांनी काय झाले, हे एका भेटीत कोणालाही कळणार नव्हते. ते कळावे म्हणूनच असली रजिस्ट्री लागते.

माझा उजवा खांदा २०१६ मध्ये दुखू लागला. तेव्हा मी ३९ वर्षांचा होतो. दीड वर्ष ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणून शेक, व्यायाम आणि इंजेक्शने झाली. चालताना उजवा हात हलत नाही हे प्रथम माझ्या पत्नीच्या लक्षात आले, आणि २०१८ मध्ये निदान झाले. तरुण वयातील पार्किन्सन्सची कहाणी पुष्कळदा अशीच खांद्यापासून किंवा पायाच्या वाकड्या होणाऱ्या अंगठ्यापासून सुरू होते, कारण चाळिशीच्या माणसाला ‘कंपवात’ असेल असे कोणाच्या मनात येत नाही. रजिस्ट्रीची पहिली चांगली गोष्ट मला येथेच दिसली. पहिल्या भेटीत समन्वयक बाईंनी निदानाची तारीख आणि पहिल्या लक्षणाची तारीख वेगवेगळ्या लिहून घेतल्या, आणि दुसरीसाठी मला घाई केली नाही. ‘‘त्या वर्षी घरात काय चालले होते ते आठवा,’’ असे त्या म्हणाल्या, तेव्हा मुलीच्या पहिलीच्या प्रवेशाच्या रांगेत खांदा चोळत उभे राहिल्याचे मला आठवले आणि महिनाही सापडला.

हा काटेकोरपणा वरवर क्षुल्लक वाटेल, पण तो तसा नाही. लंडनमधील संशोधकांनी १९८७ मध्ये ‘तरुण वयातील’ म्हणजे २१ ते ४० या वयात सुरू झालेला आजार अशी मर्यादा सुचवली होती. आज बहुतेक ठिकाणी ती पन्नाशीपर्यंत धरतात आणि एकविशीच्या आतल्या रुग्णांचा गट वेगळा मानतात. ज्या नोंदवहीत केवळ ‘तरुण’ असा शिक्का मारला असेल ती व्याख्या बदलली की निरुपयोगी होते. ज्या नोंदवहीत ३९ हा आकडा लिहिला असेल ती पुन्हा मोजता येते. निदानाचे वय धरले तर मी जुन्या व्याख्येच्या बाहेर आहे आणि लक्षणाचे वय धरले तर आत आहे, हे मला गमतीचे वाटते.

आता प्रत्यक्ष भेटीविषयी. आदल्या दिवशी फोन येतो आणि सकाळच्या गोळ्या घेऊन यायचे की न घेता, हे सांगितले जाते. लेव्होडोपा हे या आजाराचे मुख्य औषध रात्रीपासून सुमारे बारा तास बंद ठेवून केलेली तपासणी आणि गोळीचा असर चढल्यावर केलेली तपासणी यांत इतका फरक पडतो की, ही वेळ लिहिली नाही तर आकड्याला अर्थच उरत नाही. येथे शेवटच्या गोळीची वेळ मिनिटासकट लिहितात, आणि त्यासाठी मी त्यांना पूर्ण गुण देतो. तपासणी ‘एमडीएस-यूपीडीआरएस’ या मोजपट्टीने होते. तिचे चार भाग आहेत आणि प्रत्येक बाबीला शून्य ते चार असे गुण आहेत. येथे जास्त गुण मिळवणारा नापास होतो. अंगठा आणि तर्जनी जितकी लांब उघडतील तितकी उघडून, जमेल तितक्या वेगाने दहा वेळा आपटायची असतात. पहिल्या तीन आपटण्या ऐटीत होतात, चौथीपासून बोटांमधील अंतर कमी होऊ लागते आणि आठवीला बोटे एकमेकांना जेमतेम सोडतात. डॉक्टर मागे उभे राहून खांदे धरून झटकन मागे ओढतात तेव्हा किती पावलांत सावरतो, हेही मोजले जाते. जून २०२० मध्ये टाळेबंदीमुळे सर्व फोनवर झाले, तेव्हा स्नायूंचा ताठरपणा आणि हे मागे ओढणे अर्थातच तपासता आले नाही. ते रकाने त्यांनी अंदाजाने न भरता रिकामे ठेवले, हेही नोंदवण्यासारखे आहे.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हस्ताक्षराचा कागद. गोल गोल गोगलगाय काढायला लावतात आणि खाली दरवर्षी एकच वाक्य लिहायला सांगतात: ‘आज सकाळी पाऊस पडून गेला.’ गेल्या भेटीत समन्वयक बाईंनी माझे पाचही कागद टेबलावर ओळीने मांडले. २०१९ च्या कागदावर शिरोरेघ सरळ आहे आणि अक्षरे मोठी आहेत. २०२२ मध्ये ‘पाऊस’पर्यंत अक्षर ठीक आहे, पुढे ते बारीक होत जाते आणि शिरोरेघ वर चढू लागते. २०२४ च्या कागदावर ‘गेला’मधील काना जवळजवळ टिंबाएवढा झाला आहे आणि शिरोरेघ मी दिलेलीच नाही. ती न देण्याचे मी ठरवले नव्हते. अक्षरे लिहिण्यातच हात थकला असावा. कोणत्याही अहवालाने मला माझ्या आजाराची चाल इतकी स्वच्छ दाखवली नव्हती.

वास ओळखण्याच्या चाचणीबद्दल मात्र तक्रार आहे. पार्किन्सन्समध्ये घ्राणशक्ती कमी होते, बऱ्याचदा हालचालींत काही दिसण्याच्या कितीतरी आधी, म्हणून ती मोजणे योग्यच आहे. परंतु पहिली काही वर्षे येथे अमेरिकी बनावटीची चाळीस वासांची पुस्तिका वापरली जात होती. पट्टी खरवडायची, हुंगायचे आणि चार पर्यायांपैकी एक निवडायचा. लवंग, नारळ, कांदा येथपर्यंत मी खंबीर होतो. पुढे ‘रूट बिअर’ आले. जे पेय सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाने कधी पाहिलेही नाही त्याचा वास त्याला आला नाही, याचा दोष नाकाचा मानायचा की पुस्तिकेचा? २०२२ पासून आपल्याकडील वास असलेली चाचणी आली, हे उत्तम झाले. पण बदल करताना एकाच दिवशी दोन्ही चाचण्या घेतल्या असत्या तर जुन्या आणि नव्या आकड्यांची सांगड घालता आली असती. तसे न केल्यामुळे माझ्या नाकाचा इतिहास २०२२ मध्ये दुभंगला आहे. ज्या कामाचा सगळा भरवसा तीच गोष्ट तशीच पुन्हा मोजण्यावर आहे, त्यात मोजपट्टी अशी बदलू नये.

घराण्याची माहिती घेतानाही असाच एक प्रसंग घडला. माझे आईवडील आतेमामे भावंडे. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न ही कित्येक समाजांत चालत आलेली रीत आहे, तर चुलत किंवा मावस भावंडांत ते चालत नाही. फॉर्मवर मात्र ‘जवळच्या नात्यात विवाह: होय/नाही’ एवढाच रकाना होता. समन्वयक बाईंनी शेजारी हाताने ‘आते-मामे’ लिहिले आणि आजोबांच्या पिढीचेही विचारले, कारण पिढ्यान्पिढ्या असे विवाह झाले असतील तर हिशेब बदलतो. सख्ख्या आतेमामे भावंडांच्या अपत्यात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता सोळात एक असते. तरुण वयातील पार्किन्सन्समध्ये याला विशेष महत्त्व आहे. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलेल्या ‘पार्किन’ जनुकामुळे होणारा आजार दोन्ही प्रती सदोष असतील तेव्हाच होतो, आणि ‘पिंक-१’ व ‘डीजे-१’ या नंतर सापडलेल्या जनुकांचेही तसेच आहे. पार्किनच्या रुग्णांत आजार सहसा सावकाश वाढतो, झोपून उठल्यावर बरे वाटते आणि वासाची जाणही बरीच टिकून राहते. म्हणजे नाक, नातेसंबंध आणि सुरुवातीचे वय हे तीन रकाने एकत्र वाचले तरच चित्र उमटते. माझ्या रक्ताचा नमुना २०१९ मध्ये घेतला गेला. त्याचे काय निघाले ते मला आजपर्यंत सांगण्यात आलेले नाही. संमतिपत्रातच ‘वैयक्तिक निष्कर्ष कळवले जाणार नाहीत’ असे लिहिले होते आणि मी सही केली होती, त्यामुळे फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही. तरीही मुलगी आता पंधरा वर्षांची आहे, आणि तिच्या बापाने दिलेल्या रक्तातील माहिती तिच्या घरी येऊ नये, हे मला पटत नाही.

एवढ्या खटाटोपातून जगाला काय मिळते, असा प्रश्न वाचकाला पडेल. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे १९८४ पासून १४९ नव्या रुग्णांवर दोन औषधांची तुलना सुरू झाली होती. ती संपली तरी डॉक्टरांनी त्या माणसांना सोडले नाही. वीस वर्षांनी जे हयात होते त्यांच्यातील ८३ टक्क्यांना स्मृतिभ्रंश जडला होता, हे त्यामुळेच कळले. हा आकडा वाचून मला दोन रात्री झोप आली नाही, पण ते रुग्ण बहुतांशी उतारवयात आजारी पडलेले होते, आणि तरुण वयात आजार सुरू झालेल्यांची बुद्धी अधिक काळ शाबूत राहते हेही अशाच दीर्घ नोंदींनी दाखवले आहे. दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. ‘लेव्होडोपा जितकी उशिरा सुरू कराल तितके बरे, नाहीतर अंग वेडेवाकडे हलू लागेल’ हा सल्ला तरुण रुग्णांना अजूनही मिळतो. मीही दीड वर्ष गोळी टाळली आणि त्या काळात शर्टाची बटणे पत्नीकडून लावून घेतली. घाना आणि इटली येथील रुग्णांची तुलना २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. घानातील रुग्णांना औषध उशिरा मिळाले होते, तरी त्या अनैच्छिक हालचाली दोन्हीकडे आजाराच्या साधारण सारख्याच टप्प्यावर सुरू झाल्या. म्हणजे त्या हालचाली गोळी किती वर्षे घेतली यापेक्षा आजार किती जुना यावर अधिक अवलंबून होत्या. पहिल्या लक्षणाची तारीख कोणीतरी नीट लिहिली होती, म्हणून हे सिद्ध करता आले.

अमेरिकेत अभिनेते मायकेल जे. फॉक्स यांच्या फाउंडेशनने २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘पीपीएमआय’ अभ्यासातून २०२३ मध्ये असे दिसले की, मेरुद्रवातील बिघडलेले अल्फा-सिन्यूक्लिन प्रथिन पकडणारी चाचणी सुमारे ८८ टक्के रुग्णांत होकारार्थी येते, मात्र ‘एलआरआरके२’ जनुकात दोष असलेल्यांत हे प्रमाण बरेच कमी असते. फॉक्स यांचे स्वतःचे निदान एकोणतिसाव्या वर्षी झाले होते. जनुकांची जागतिक माहिती आजवर मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. म्हणून पुण्यातल्या नोंदीला किंमत आहे, आणि म्हणूनच तिच्या ढिसाळपणाबद्दल बोलणे भाग आहे.

प्रश्नावली हा त्या ढिसाळपणाचा पहिला भाग. ती म्हाताऱ्या माणसांसाठी तयार केलेली आहे. ‘नातवंडांशी खेळताना त्रास होतो का?’ असा प्रश्न मला ४२ व्या वर्षी विचारण्यात आला. गृहकर्जाचे हप्ते, साहेबाला कधी सांगितले, रात्रपाळी, दुचाकी चालवणे कधी सोडले, मुलांना काय सांगितले, यांतील एकही प्रश्न त्यात नाही. माझ्यासोबत प्रतीक्षा कक्षात असलेल्या एका छत्तीस वर्षांच्या बाईंनी पत्नीला सांगितले की, पाळीच्या आधीच्या दिवसांत त्यांच्या गोळीचा असर लवकर उतरतो. फॉर्ममध्ये त्यासाठी ओळच नव्हती. मराठी भाषांतर तर कोणी पुन्हा वाचले आहे की नाही याची शंका येते. गोळीचा असर संपलेल्या अवस्थेला इंग्रजीत ‘ऑफ’ म्हणतात, त्यामुळे आमच्या फॉर्मवर छापले आहे: ‘आपण दिवसातून किती वेळ बंद असता?’ मी ‘१ ते ४’ असे लिहिले. दुपारच्या गोळीआधी माझे खरोखरच तसे होते, पण समन्वयक बाईंना ती पुणेरी थट्टा वाटली आणि त्यांनी पुन्हा विचारले.

आता २०२३. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात माझे पाय प्रथम थिजले. मेट्रोच्या स्थानकात कार्ड लावून फाटक उघडले आणि पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे जागेवरच राहिले. मागच्या माणसाने ‘‘चला हो’’ म्हणेपर्यंत फाटक पुन्हा मिटले होते. मे महिन्यात न्हाणीघराच्या उंबऱ्यावर तसेच होऊन पडलो आणि मनगट मोडले. जुलैमध्ये भोसरीतील नोकरी सोडली. जूनची भेट अर्थातच झाली नाही, आणि मला कोणाचाही फोन आला नाही. जुन्या समन्वयक बाई बदलून गेल्या होत्या, नव्या व्यक्तीची नेमणूक व्हायची होती, असे मला पुढे कळले. २०२४ मध्ये मी आपणहून गेलो तेव्हा फाइलमध्ये दोनच शब्द होते: ‘सहभागी अनुपस्थित’. संगणकावरील आलेखात हालचालींचे गुण २०२२ मध्ये २२ आणि २०२४ मध्ये ३७ दिसतात आणि मध्ये एक सरळ, शांत रेघ आहे. ज्या वर्षी मी चालणे, नोकरी आणि मनगट यांच्याशी एकाच वेळी झगडत होतो ते वर्ष त्या रेघेने इस्त्री करून टाकले आहे.

हा माझ्या एकट्याचा रुसवा नव्हे. जो रुग्ण बरा असतो तो भेटीला येतो आणि ज्याचे बिघडले तो घरी राहतो. त्यामुळे गैरहजेरी ही चिठ्ठ्या टाकून ठरल्यासारखी नसते, ती आजारानेच ठरवलेली असते. अशांना वगळून काढलेली सरासरी आजाराला आहे त्यापेक्षा सौम्य दाखवते, आणि त्याच सरासरीवर उद्या नवीन औषध जोखले जाते. न येणाऱ्याला शोधून निदान पाच प्रश्न फोनवर विचारणे, ते न जमल्यास न येण्याचे कारण तरी लिहिणे, हे रजिस्ट्रीचे पहिले काम आहे असे मी म्हणेन. रक्त गोठवून ठेवणे हे दुसरे. असे करता येते याचा दाखला शोधण्यासाठी पुण्याबाहेर फार दूर जावे लागत नाही. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला आणि जन्मलेल्या मुलांना सहाव्या, बाराव्या व अठराव्या वर्षी पुन्हा गाठले. तीस वर्षे माणसांचा माग ठेवणे या मातीत जमलेले आहे.

नव्याने नाव घालू इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यावहारिक. शुल्क काही नाही, येण्याजाण्याचा खर्च मिळतो, लिफ्ट लहान आहे आणि बाक कडक आहेत. संमतिपत्र घरी आणून वाचावे. त्यातील माहिती इतर संशोधकांना देण्याचे कलम आणि बाहेर पडण्याचे कलम ही दोन विशेष लक्ष देऊन वाचावीत, कारण बाहेर पडलो तरी नाव काढून आधीच वाटली गेलेली माहिती परत येत नाही. चार समदुःखी भेटावेत एवढीच अपेक्षा असेल तर पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे; रजिस्ट्रीकडून ती अपेक्षा धरू नये. भेटीला जाताना घरातील एक माणूस आणि गोळ्यांच्या वेळांची चिठ्ठी सोबत असावी, आणि आपल्याखेरीज आणखी दोघांचे फोन क्रमांक आग्रहाने लिहून घ्यायला लावावेत. मी आता पत्नीचा आणि धाकट्या बहिणीचा दिला आहे. पाचपैकी मी साडेतीन तारे देतो. जनुकांचा निष्कर्ष कळवला गेला तर चार देईन.

यंदा जूनमध्ये भेट संपल्यावर मी घरून लिहून नेलेला एक कागद नव्या समन्वयक बाईंना दिला. २०२३ मध्ये कोणत्या महिन्यात काय झाले, गोळ्या किती होत्या, किती वेळा पडलो, हे त्यावर तारखांसकट होते. त्यांनी तो पूर्ण वाचला आणि संगणकात यासाठी रकाना नाही असे सांगितले. मग त्यांनी खणातून टाचणी काढली, २०२२ आणि २०२४ च्या पानांच्या मध्ये तो कागद ठेवून टाचला आणि त्यावर त्या दिवसाची तारीख घातली.